टॉवर नंतर, आधी डेक

जुन्या बोटीवर वेकबोर्ड टॉवर बसवण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेक अमेरिकेतल्या तळ्यांकाठच्या वाचकांची आहेत, एक मालवणहून आलं आहे. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: वेकबोर्ड म्हणजे बोटीमागे दोर धरून जिच्यावर उभं राहून पाण्यावरून सरकतात ती फळी, आणि वेकबोर्ड टॉवर म्हणजे बोटीच्या दोन्ही कडांवर पाय रोवून उभी केलेली पाइपची कमान. दोर हिच्या माथ्याला, पाण्यापासून साधारण ७ फुटांवर बांधतात. ओढ वरून मिळाल्यामुळे लाटेवरून उडी घेताना बोर्डवाला खाली खेचला जात नाही. अशा कमानी कारखान्यातूनच बसवून यायला लागल्या त्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या बोटींचं डेक हा भार गृहीत धरून बांधलेलंच नाही, आणि त्यानंतरच्याही साध्या कौटुंबिक बोटींचं बहुधा नाही. खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

प्रश्न: आमची १९९९ सालची १९ फुटी बोरायडर (पुढच्या टोकातही बसायला जागा असलेली) बोट आहे, फायबरची, इंजिन आत आणि ड्राइव्ह मागे. दोन्ही मुलं वेकबोर्ड शिकली आहेत. कोणत्याही बोटीवर बसतो असा युनिव्हर्सल टॉवर मागवायचा विचार आहे. घरी बसवता येईल का? डेकला भोकं पाडायची भीती वाटते. (वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

घरी बसवता येतो. दोन माणसं आणि दोन शनिवार-रविवार धरा. भीती भोकांची नको, भोकांच्या खाली काय आहे त्याची असू द्या.

आधी भाराचा हिशोब बघा. दोराला १०० किलोची ओढ आहे, दोर टॉवरच्या पायांपासून ५ फूट उंचीवर बांधलाय आणि पुढच्या-मागच्या पायांत ३ फूट अंतर आहे असं समजा. टॉवर मागे कलंडू पाहतो. मागचे पाय डेकमध्ये दाबले जातात आणि पुढचे उपटले जातात. उपटण्याचा जोर १०० गुणिले ५ भागिले ३, म्हणजे सुमारे १६७ किलो, प्रत्येक पुढच्या पायाला ८३. बोर्डवाला एका बाजूला जोरात कापत गेला की यातला बराच वाटा एकाच बाजूच्या पायावर येतो. हा जोर पाय डेकला देतो आणि डेक तो हलला, म्हणजे बोटीच्या खालच्या कवचाला. यांतला एक दुवा कुजका असेल तर कितीही भारी पाइप घेतला तरी उपयोग नाही.

म्हणून टॉवर मागवण्याआधी तीन तपासण्या करा. पहिली, गाभ्याची. तुमच्या वयाच्या बोटींत डेकच्या दोन फायबर थरांमध्ये अनेकदा बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड असतं. प्लास्टिकच्या हातोडीने सगळ्या कडेवर ठोकत जा. टणटण आवाज आला तर बरं, मध्येच भदभद आवाज आला तर तिथे थर सुटलाय किंवा लाकूड भिजलंय. खात्री हवी असेल तर टॉवरचा पाय जिथे येणार, म्हणजे भोक नंतर झाकलंच जाणार, तिथे ३/१६ इंचाचं एक भोक पाडा आणि ड्रिलला चिकटलेला भुसा बोटांत चोळून बघा. फिकट, कोरडा, खसखशीत असेल तर पुढे चला. काळपट, ओला, कुबट वासाचा असेल तर तिथेच थांबा. आधी डेक दुरुस्त करायचं.

दुसरी तपासणी, डेक आणि हल यांच्या सांध्याची. बहुतेक बोटींत डेक हे डब्याच्या झाकणासारखं हलवर बसवलेलं असतं आणि रबरेलच्या, म्हणजे बोटीच्या कडेने फिरणाऱ्या संरक्षक पट्टीच्या आड रिव्हेट किंवा पत्र्याचे स्क्रू मारलेले असतात. रबरेलमधली मऊ पट्टी उपसून काढा. एकाने कड दोन्ही हातांनी आत-बाहेर हलवायची, दुसऱ्याने सांध्याकडे बघायचं. रेघ उघडझाप करत असेल, स्क्रू नुसतेच फिरत असतील, तर टॉवरच्या पुढे-मागे निदान तीन-तीन फूट, दर ६ इंचांवर पाव इंची आरपार नट-बोल्ट घाला. हे काम कुणी करत नाही, आणि टॉवरवाल्या जुन्या बोटींत पाणी शिरतं ते बऱ्याचदा इथूनच.

तिसरी तपासणी हाताची. कडेखाली हात पोचतो का? पोचत नसेल तर आतली बाजूची गादी-फळी उतरवा किंवा स्पीकर काढून त्या गोल भोकातून हात घालून बघा. तेही नसेल तर ६ इंची झाकणाचं तपासणी-भोक पाडावं लागेल. हात आत गेल्यावर पेट्रोल भरायची नळी, टाकीच्या हवेची नळी, स्टिअरिंगची केबल आणि वायरी कुठून गेल्यात ते चाचपून वर टेपने खूण करा. पेट्रोलच्या नळीत घुसलेलं ड्रिल ही या कामातली सगळ्यात वाईट चूक.

आता माप. टॉवरवाले बोटीची रुंदी विचारतात. कागदावरची रुंदी देऊ नका; पाय जिथे बसणार तिथे, कडेच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत स्वतः मोजा, पुढच्या आणि मागच्या पायांसाठी वेगवेगळं. कडेचा उतारही बघा. टॉवर आला की पायांना मऊ कापड बांधून दोघा-तिघांनी उचलून नुसता ठेवून बघा. मधलं वाऱ्याच्या काचेचं दार पूर्ण उघडतं का, टॉवर घडी करून खाली घेतल्यावर काच, स्टिअरिंग, चालवणाऱ्याची सीट यांना लागत नाही ना, ताडपत्री बसते का, हे सगळं भोकं पाडायच्या आधी. अमेरिकेत घरच्या गॅरेजचं दार साधारणपणे ७ फूट उंच असतं. ट्रेलरवर टॉवर उभा ठेवून बोट आत जाणार नाही आणि घडी केल्यावरही जाईलच असं नाही, म्हणून मोजून बघा.

मध्य काढताना काचेच्या चौकटीवर विश्वास ठेवू नका. जुन्या बोटींत ती पाव-अर्धा इंच एका बाजूला असते. पुढच्या टोकाच्या कडीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या पायांपर्यंत दोरी ताणून अंतर सारखं करा, मग मागच्या भिंतीच्या मध्यापासून तेच. दोन्ही तिरपी मापं जुळली की पायांभोवती चिकटटेप लावून त्यावर पेन्सिल फिरवा.

टॉवर ताणून किंवा दाबून जागेवर बसवायचा नाही. अर्धा इंच कमी पडतोय म्हणून ओढून बोल्ट मारला तर तो पाइप रात्रंदिवस कड आत खेचत राहतो, बोट उभी असतानासुद्धा. पायाखाली फट राहत असेल तर जाड प्लास्टिकच्या पाट्यातून तेवढ्या उताराची पाचर कापून घाला. फट बोल्टच्या जोरावर मिटवली की जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत वरचा थर, फुटलाच.

भोकं पाडताना टेपवरूनच पाडा. ड्रिल जेलकोट पार होईपर्यंत उलट दिशेने फिरवा, म्हणजे तो उडत नाही. आधी १/८ इंचाचं भोक, आत बघून खात्री, मग मोठं. आत लाकडाचा गाभा असेल तर ३/८ इंची बोल्टसाठी थेट ३/८ चं भोक पाडू नका. पाऊण इंचाचं पाडा, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून कडेचं लाकूड आणखी थोडं कोरा, खालून टेप लावा, आधी पातळ एपॉक्सी आतल्या लाकडाला पाजा आणि मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं एपॉक्सी भरा. चमचा उलटा केला तरी पडू नये इतकं, चांगल्या चक्क्यासारखं घट्ट. चोवीस तासांनी याच्या मधोमध ३/८ चं भोक. आता बोल्टभोवती प्लास्टिकसारखी टणक नळी तयार झाली. पाणी आत आलं तरी लाकडाला लागत नाही आणि बोल्ट कितीही आवळला तरी डेक चेपत नाही. वरून भोकाची कड काउंटरसिंकने तिरपी करा. त्यामुळे जेलकोटला तडा जात नाही आणि सीलंटला बसायला जागा मिळते.

खालून नुसते मोठे वॉशर चालणार नाहीत. प्रत्येक पायाखाली पाव इंची ॲल्युमिनियमची पट्टी हवी, पायाच्या दुप्पट क्षेत्रफळाची: पाय ३ बाय ५ इंच असेल तर पट्टी निदान ५ बाय ६, जागा असेल तर ५ बाय ८. कोपरे गोल घासलेले. कडेची आतली बाजू खडबडीत असते. पट्टी तशीच ठेवली तर तीन टेकड्यांवर टेकते आणि सगळा भार त्या तीन ठिकाणी. म्हणून पट्टीमागे तेच घट्ट एपॉक्सी थापून ती बसवा.

बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेसचे, नायलॉनच्या आतल्या कड्याचे नट. सीलंट पॉलियुरेथेनचं, मध्यम पकडीचं. कायमच्या पकडीचं घेतलंत तर टॉवर काढायची वेळ आली की जेलकोट सोबत येतो. सिलिकॉन तर अजिबात नको. एकदा लागलं की त्या जागी पुन्हा दुसरं काही धरत नाही. सीलंट वरच्या बाजूला, भोकाभोवती आणि बोल्टच्या मानेला. खाली लावू नका, गळती सुरू झाली तर दिसली पाहिजे.

आवळताना वरचा माणूस बोल्ट धरून ठेवतो आणि खालचा नट फिरवतो. बोल्ट फिरवला तर सीलंट पिळून निघतं. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांत जाम होतात, नट ना पुढे ना मागे, मग बोल्ट कापावाच लागतो. आट्यांना अँटिसीझ, म्हणजे ते जाम होऊ न देणारं वंगण, लावा आणि पान्याने हळू फिरवा, इम्पॅक्ट गनने नाही. ३/८ इंची स्टेनलेसला आवळण्याच्या जोराची सुमारे २० फूट-पाउंड ही वरची हद्द; वंगण लावलं असेल तर त्याहून कमी. टॉवरसोबतच्या पत्रकात आकडा असेल तर तोच पाळा. पहिल्या फेरीनंतर आणि मग महिन्याने पुन्हा पाना लावून बघा.

प्रश्न: मागच्या उन्हाळ्यात टॉवर बसवून घेतला. आता पुढच्या डाव्या पायाभोवती जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्यात आणि पावसानंतर आतल्या स्पीकरमधून पाणी ठिबकतं. वरून सीलंट फासलं, तरी थांबत नाही. (वाचक, डॅलस परिसर, टेक्सस)

पुढचा पाय म्हणजे उपटला जाणारा पाय. चिरा आणि गळती एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत: खालचं डेक वाकतंय. प्रत्येक ओढीला पाय केसभर उचलला जातो, सीलंट सुटतं, पाणी गाभ्यात जातं, लाकूड मऊ होतं आणि पुढच्या खेपेला डेक अजून वाकतं. वरून फासलेलं सीलंट आत गेलेलं पाणी कोंडून ठेवतं, त्यामुळे नुकसान वाढतंच.

स्पीकर काढा आणि टॉर्च घेऊन खालून बघा. चारपैकी एका कारणाशी गाठ पडेल. पट्टीच नाही, नुसते वॉशर आहेत आणि ते फायबरमध्ये रुतलेत. किंवा पट्टी आहे पण तिच्याखाली नख जाईल एवढी फट आहे. किंवा पायाखाली पाचर नाही आणि उतार बोल्टने ओढून बसवलाय. अशा वेळी चिरा पायाच्या एकाच कडेला जास्त असतात. किंवा सगळं नीट आहे, पण टॉवर ताणून बसवलाय. हे शेवटचं ओळखायला त्या पायाचे नट सैल करा. पाय आपणहून आत किंवा बाहेर सरकला तर हेच कारण.

पाय काढून भोकात काडी घाला. लाकूड ओलं असलं तरी टणक असेल तर भोकं उघडी ठेवून, खाली दिव्याची ऊब देऊन दोन-तीन आठवडे सुकू द्या, मग वर सांगितल्याप्रमाणे मोठी करून एपॉक्सी भरा. काडीने लाकूड उकरलं जात असेल तर खालच्या बाजूने आतला फायबरचा थर कापून कुजकं लाकूड टणक लाकूड लागेपर्यंत काढा, नवं मरीन प्लायवुड किंवा फायबरचा जाड तक्ता एपॉक्सीत बसवा आणि त्यावर फायबरच्या कापडाचे दोन-तीन थर चढवा. खालून केलं तर डेकचा वरचा रंग आणि नक्षी शाबूत राहते. चिरांचं काम सगळ्यात शेवटी. आधी त्या भरल्यात तर महिन्याभरात तिथेच परत उमटतील.

हे होईपर्यंत टॉवरवरून कुणालाही ओढू नका. मागच्या भिंतीवरची कडी वापरा.

प्रश्न: वेकबोर्डच्याच टॉवरला मुलांना बसवून ओढायची हवेची ट्यूब बांधली तर? मुलं लहान आहेत, वजन कमी आहे. (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

नको. वजनाचा प्रश्न नाही. बोर्डवाल्याला ओढ सोसेनाशी झाली की तो दांडी सोडतो आणि भार क्षणात शून्य होतो. ट्यूब दोर सोडत नाही. तिचं नाक लाटेत बुडालं की ती पाण्याखाली नांगरासारखी अडते, आणि चाललेल्या बोटीचा सगळा झटका टॉवरच्या पुढच्या बोल्टवर येतो. बहुतेक टॉवर बनवणारे पत्रकातच ट्यूब ओढायला मनाई करतात. वर बांधलेला दोर बोट वळताना तिला कलंडवतोही. ट्यूब मागच्या भिंतीवरच्या कडीला, ट्यूबसाठीच्या जाड दोराने. टॉवरवर बसणं, लोंबकळणं, त्यावरून उडी मारणं हेही बंद. जुनी बोट लहान आणि हलकी असते आणि माथ्यावरचं एक माणूस तिला कलंडवायला पुरतं.

वेकबोर्डचा दोर मात्र न ताणणारा घ्या. नायलॉनचा ताणला जाणारा दोर तुटला किंवा सुटला तर गोफणीसारखा बोटीत येतो.

प्रश्न: टॉवरवर दिवा, दोन स्पीकर आणि आरसा लावायचाय. आरसा असला की मागे बघणारा माणूस लागत नाही ना? (वाचक, सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

तुमच्याकडे लागतो. कॅलिफोर्नियात ओढताना चालवणाऱ्याखेरीज निदान १२ वर्षांचा आणखी एक जण बोटीत लक्ष ठेवायला हवा; आरशाने भागत नाही. काही राज्यांत आरसा चालतो. दुसऱ्या राज्यातल्या तळ्यावर जाणार असाल तर तिथला नियम आधी बघा.

दिव्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तो हमखास सुटतो. जुन्या बोटीच्या मागच्या खांबावरचा पांढरा दिवा चहूबाजूंनी दिसला पाहिजे. टॉवरचे पाइप आणि बोर्ड अडकवायचे आकडे त्याच्या आड येतात. १२ मीटरपेक्षा लहान बोटीचा हा दिवा बाजूच्या लाल-हिरव्या दिव्यांपेक्षा निदान १ मीटर उंच आणि २ सागरी मैलांवरून दिसणारा हवा. म्हणून तो टॉवरच्या अगदी माथ्यावर न्या. संध्याकाळी बोटीभोवती चक्कर मारून बघा, कुठूनही तो झाकला जाता कामा नये. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड पडत असेल तर दिव्याखाली छोटी तबकडी लावा.

वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, बोटीसाठीची. घरातली वायर दोन मोसमांत आतून काळी पडते. पाइपमध्ये भोक पाडलंत तिथे रबरी कडं घाला, नाहीतर पाइपची धार वायर कापते. बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज. टॉवर घडी होतो त्या सांध्यापाशी वायरला हातभर ढील ठेवा. स्पीकरचं वजन बेताचं. टॉवरच्या माथ्यावरचा प्रत्येक किलो बोटीला तळातल्या किलोपेक्षा जास्त डोलवतो. बोटीवर वजनमर्यादेची पट्टी असेल तर टॉवर, स्पीकर आणि लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत ठेवतात त्या पाण्याच्या वजनपिशव्या सगळं त्यातच मोजायचं. पिशवीतलं १ गॅलन पाणी साडेआठ पाउंडांच्या जवळपास भरतं.

प्रश्न: आमची पर्यटकांसाठीची फायबर बोट आहे, मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. गावातल्या फॅब्रिकेटरकडून पाइपची कमान करून घेतली तर वेकबोर्डसाठी चालेल का? तो ३०४ जातीच्या स्टेनलेसचा पाइप सुचवतोय. (वाचक, मालवण)

खाऱ्या पाण्यासाठी ३१६ घ्या. ३०४ वर काही महिन्यांत चहाच्या डागासारखा तांबूस थर येतो आणि वेल्डिंगपाशी तो आत खात जातो. दीड इंची शेड्यूल ४० पाइप, म्हणजे बाहेरून ४८.३ मिलिमीटर आणि ३.६८ मिलिमीटर जाडीचा, मजबूत आहे पण जड. मोठ्या बोटीला ठीक, १६-१७ फुटी बोटीला तो माथ्यावर ओझं होईल. तिथे शेड्यूल १०, २.७७ मिलिमीटरचा, बघा. वेल्डिंग आर्गॉनचं, आणि नंतर सांधे आम्लाच्या पेस्टने साफ करून गोड्या पाण्याने धुतलेले. लोखंडासाठी वापरलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावू देऊ नका. तिच्यातले लोखंडाचे कण तिथेच गंजतात. पाय आणि बोल्टचं सगळं वर सांगितल्याप्रमाणेच.

गावठी कमानीत एक चूक नेहमी दिसते: दोनच पाय, दोन्ही एका रेषेत. ती मागे ओढली की सगळा जोर पायातल्या वेल्डवर येतो. पुढे जाणारे दोन तिरपे आधार हवेतच, आणि त्यांचं मुख्य पायांपासूनचं अंतर जितकं जास्त तितका उपटण्याचा जोर कमी.

पर्यटकांना हवेच्या फुग्यांवर बसवून ओढायच्या बनाना आणि बंपर राइड या कमानीवरून नाही, कारण ट्यूबसारखंच. बोट महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदलेली असेल, तर कमानीचं साधं रेखाचित्र, वजन आणि उंची घेऊन काम सुरू करण्याआधी सर्वेक्षकाला दाखवा. आउटबोर्डचा पंखा मागे उघडा असतो, तेव्हा बोर्डवाला बोटीजवळ आला की न्यूट्रल पुरत नाही, इंजिन बंदच करायचं. त्याच कारणासाठी दोराविना लाटेवर चालायचं वेकसर्फिंग या बोटीमागे करू देऊ नका. मोसम संपला की कमान गोड्या पाण्याने धुवा, एका पायाचा एक बोल्ट काढून बघा. आटे कोरडे आणि चकचकीत असतील तर बाकीच्यांना हात लावू नका. ओले किंवा तांबूस असतील तर चारही पाय उतरवून नवं सीलंट घाला.